नंतर नीट बदलणे

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. प्रस्तुत लेखकद्वयाचे यंत्रज्ञान स्कूटरचा प्लग काढून तो काचकागदाने घासण्यापलीकडे कधी गेलेले नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरात वाद झाला तर तो ऱ्हस्वदीर्घावरून होतो, पेट्रोलच्या सरासरीवरून नव्हे. असे असता एका पंचावन्न वर्षे वयाच्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनातील दोष शोधण्याच्या कामी आम्ही पडलो, आणि त्या कामात आमच्या विषयाचा उपयोग झाला. तो कसा झाला हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही इंग्लंडात वॉरिकशर परगण्यातील लेमिंग्टन या गावी होतो. आमच्यापैकी एकीचे सख्खे काका तेथे राहतात. १९७७ साली ते पुण्याहून कॉव्हेंट्रीतील एका कारखान्यात नोकरीस गेले आणि तिकडचेच झाले. काकू २०१४ साली गेल्या. मूलबाळ नाही. काकांजवळ एक एमजीबी आहे: १९६९ सालची, गडद हिरवी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, तेव्हा ती काही दुर्मीळ वस्तू नव्हे. काकांनी ती १९८८ साली जुनीच विकत घेतली आणि तेव्हापासून तिची देखभाल आपल्या हातांनी केली.

आम्ही पोचलो त्याच रात्री काकांनी सांगितले की गाडी विकायची ठरवली आहे. रविवारी, २३ जूनला, गिऱ्हाईक येणार होते. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मिसिंग मारते."

मिसिंग हा आपल्या गॅरेजांतला शब्द चाळीस-पन्नास वर्षे परदेशी राहूनही त्यांच्या तोंडी शाबूत होता. सपाट रस्त्यावर गाडी मजेत चालली असता मध्येच इंजिन अर्धा क्षण गप्प होते, झटका बसतो, पुन्हा चालू लागते. मग दोन मैल काही नाही, मग लागोपाठ चार झटके. गावातील एका वर्कशॉपमध्ये गाडी तीनदा नेली. पहिल्या वेळी प्लग आणि त्यांच्या तारा बदलल्या, दुसऱ्या वेळी कॉइल आणि कंडेन्सर, तिसऱ्या वेळी दोन्ही कार्बुरेटर उघडून साफ केले. दर वेळी गाडी त्यांच्या अंगणात उत्तम चालली आणि रस्त्यावर आल्यावर अडखळली. शेवटी तेथील माणसाने अत्यंत सौजन्याने विचारले की आपला पाय तर ॲक्सिलरेटरवर कमीजास्त होत नाही ना?

"जावईबापू," काका म्हणाले, "गाडी बिघडलेली नाही. मी बिघडलोय. हात थरथरतो, तसा पायही थरथरत असेल. मला कळत नसेल, एवढंच."

काकांचे वय बहात्तर. डाव्या हाताला कंप आहे, अलीकडे नावे आठवत नाहीत. या गोष्टी खऱ्याच होत्या. पण गाडी विकण्यामागे पैशाची गरज नव्हती, आपल्यावरचा विश्वास उडाला होता. हे लक्षात आल्यावर आम्हांला गप्प बसवेना.

गाडी दोन माणसांची असल्याने आम्हां दोघांना एका वेळी तिच्यात बसता येईना. पहिल्या दिवशी जावई गेला, दुसऱ्या दिवशी पुतणी. परत आल्यावर स्वयंपाकघरातील टेबलाशी आम्ही आपापल्या साक्षी ताडून पाहिल्या. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या मिळाल्या की पाठभेद मांडतात, तसाच हा उद्योग होता. जावयाने आवाज ऐकला होता: इंजिन घुसमटत नाही, खोकत नाही, एकदम तुटते आणि एकदम सुरू होते. पुतणीने डोळ्यांनी पाहिले होते: झटका बसतो त्या क्षणी समोरच्या तबकडीवरचा, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा खाली कोसळतो. गाडी गिअरमध्ये असते, चाके फिरत असतात, म्हणजे इंजिनही फिरत असते. मग काटा का पडावा?

हा प्रश्न ऐकताच काका उठून बसले. या गाडीत तो काटा इंजिनाला दांडीने किंवा केबलने जोडलेला नसतो. प्रज्वलनाच्या विद्युतमंडलातून प्रवाहाचे जे स्पंद जातात ते मोजून तो चालतो. पेट्रोल कमी पडले तर स्पंद चालूच राहतात आणि काटा जागेवर असतो. काटा पडला याचा अर्थ स्पंदच थांबले. कार्बुरेटर निर्दोष ठरला, आणि काकांचा पायही. पाय कितीही थरथरला तरी त्याने विजेचा प्रवाह तुटत नाही.

"कार्बुरेटरचे दहातले नऊ बिघाड विजेचे असतात अशी इकडे म्हणच आहे," काका म्हणाले. "मला ती पाठ होती. तरी मी तिसऱ्यांदा कार्बुरेटरचे पैसे दिले."

येथे वाचकांसाठी थोडे विषयांतर करणे भाग आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याची ही जुनी रीत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास रूढ केली आणि पुढे साठाहून अधिक वर्षे जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. तिच्या मुळाशी फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून जातात आणि पॉइंट नावाच्या दोन चिमुकल्या टोकांमधून जमिनीला मिळतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठते. ते उघडताच प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब क्षणभर उमटतो. डिस्ट्रिब्युटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरकडे पाठवतो: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ५००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला ऐंशीहून अधिक. प्रत्येक ठिणगीसाठी पॉइंट एकदा मिटतात, एकदा उघडतात, आणि उघडल्यावर त्यांतील फट असते मिलिमीटरच्या जेमतेम एकतृतीयांशाएवढी.

तर आता दोष या कमी दाबाच्या मंडलात कोठेतरी होता: किल्लीचे कुलूप, कॉइलपर्यंतची तार, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट. काकांनी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एकेक जोड हलवून पाहिला. काही होईना. गाडी उभी असली की दोष नाहीसा व्हायचा. वर्कशॉपमध्ये नेमके हेच झाले होते. दोष अंगणात राहत नव्हता आणि त्यांनी तो अंगणातच शोधला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही ठरवले की बिघाड कोठे आहे हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा आणि तो केव्हा असतो, केव्हा नसतो, एवढेच लिहून काढावे. न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेक वर्गात आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो: अमुक असता तमुक असते, अमुक नसता तमुक नसते. फळ्याबाहेर तो वापरण्याची वेळ ही पहिलीच. लेमिंग्टनच्या पूर्वेस फॉस वे नावाचा रस्ता आहे. मूळचा रोमनांनी बांधलेला, ओळंब्याने आखल्यासारखा सरळ. त्यावर ४५ मैलांच्या वेगाने, पाय हलका ठेवून चालले की झटके येत. तेथून दक्षिणेकडे गेल्यावर एजहिलच्या कड्याला सनरायझिंग हिल नावाचा तीव्र चढ आहे. त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून, गाडी एकही झटका न देता चढली. उतारावर पाय काढून घेतला तरी झटका नाही. उभ्या गाडीत नाही. श्रमात नाही, विसाव्यात नाही, केवळ सुखाच्या संथ चालीत आहे.

माणसांतही असे असते आणि त्यावर एक ललित परिच्छेद लिहिण्याचा मोह आम्हांला त्याच संध्याकाळी झाला. काकांनी मात्र ती यादी पाहिली, चष्मा काढला आणि कपाटातून तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेले गाडीचे पुस्तक काढून एका आकृतीवर बोट ठेवले.

हलक्या चालीत इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण विरळ असते. विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला एक पत्र्याची डबी असते, तिच्यात एक पातळ पडदा. कार्बुरेटरपासून एक बारीक नळी तिच्यापर्यंत येते. हलक्या चालीत त्या नळीतून ओढ लागते, पडदा खेचला जातो आणि पॉइंट ज्या तबकडीवर बसवलेले असतात ती तबकडी काही अंश फिरते. पाय पूर्ण दाबला की ओढ नाहीशी होते आणि स्प्रिंग तबकडीला मूळ जागी आणते. इंजिन नुसते संथ चालत असताना किंवा पाय काढून घेतल्यावर कार्बुरेटरमधील त्या नळीच्या तोंडाशी ओढ पोचतच नाही. आमच्या यादीतील प्रत्येक ओळ या आकृतीशी जुळत होती. तबकडी फिरली की वीज तुटत होती.

माधवनिदानात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत. त्यांतील चौथे उपशय: रोग उघड कळत नसेल तेव्हा एखादा उपचार करून पाहायचा आणि रोग्याला बरे वाटते की वाईट, यावरून निदान करायचे. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ती बारीक नळी डिस्ट्रिब्युटरपासून सोडवली, तिच्या तोंडात एक लाकडी खुंटी बसवली आणि फॉस वेवर बारा मैल गाडी चालवली. गाडी किंचित सुस्त वाटली, पण झटका एकही नाही. नळी पुन्हा जोडली. दुसऱ्याच मैलाला झटका. पुन्हा सोडवली, पुन्हा बंद. इतक्या दिवसांत कोणी एकही भाग न बदलता केलेली ही पहिलीच तपासणी होती.

दुपारी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले. एकाने विजेरी धरली, एकीने मीटरची टोके: एक बाहेरच्या जोडावर, दुसरे पॉइंटच्या पात्यावर. पॉइंट उघडे ठेवून काकांनी उजव्या हाताच्या बोटाने तबकडी हळूच फिरवली. मीटरवरचा आकडा नाहीसा झाला. सोडली, आकडा परत आला.

या दोन बिंदूंमध्ये होती फक्त बोटभर लांबीची एक तार. बाहेरून तिला काहीही झालेले नव्हते. काळे आवरण अखंड होते, दोन्ही टोके घट्ट होती. काकांनी ती काढली आणि ब्लेडने आवरण उभे चिरले. आत तांब्याचे सगळे तंतू एका जागी तुटलेले, टोके काळवंडलेली. आवरण सरळ असले की ती टोके एकमेकांना टेकत, वाकले की सुटत.

"ही मूळची वायर नाही," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज चढला. "इथे अतिशय मऊ वायर असते. केसासारखे बारीक, पुष्कळ तंतू. रोज हजार वेळा वाकली तरी चालावी म्हणून. ही घरातल्या टेबललॅम्पची आहे. ह्यात मोजके जाड तंतू. ही वाकून वाकून तुटणारच." मग ते म्हणाले, "त्या वर्कशॉपवाल्यांनीच लावली. आत्ता फोन करतो."

फोन करण्यापूर्वी तारीख हाताशी असावी म्हणून त्यांनी आम्हांला वही आणायला सांगितले. १९८८ पासून गाडीला जे जे केले ते काकांनी एका जाड वहीत मराठीत लिहून ठेवले आहे. तेल बदलले, ब्रेक बसवले, पॉइंट घासले, सारे तारीखवार. ती वही वाचू शकणारी माणसे त्या गावात त्यांच्याखेरीज, बहुधा, आम्ही दोघेच होतो. अलीकडच्या पानांवर वर्कशॉपच्या तीन भेटी होत्या आणि त्यांत या तारेचा उल्लेख नव्हता. म्हणून आम्ही मागे मागे वाचत गेलो. दहा वर्षे मागे गेल्यावर घाईच्या अक्षरातील एक नोंद सापडली.

१९ जानेवारी २०१४. डिस्ट्रिब्युटरमधली आतली वायर तुटली. तात्पुरती घरातली लावली. नंतर नीट बदलणे. हिला दुपारी टेकडीवर न्यायचे आहे.

काकू त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गेल्या.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ज्या माणसाला आपली स्मृती दगा देते आहे असे वाटते, त्याला हे कसे वाचून दाखवावे? वही मिटून टाकणे सोपे होते. दोष सापडला होता, नवी तार मागवता आली असती, वर्कशॉपला चार शब्द ऐकावे लागले असते इतकेच. पण पाठ दडपण्याचे पाप आमच्या व्यवसायात मोठे मानतात. शिवाय ती माणसे या एका बाबतीत निरपराध होती. पुतणीने नोंद मोठ्याने वाचली, शेवटच्या वाक्यासकट.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ती चिरलेली तार उचलली आणि टोकावरचा जोड डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"गाठ माझीच आहे," ते म्हणाले. "दहा वर्षं टिकली. लावली तेव्हा मला माहीत होतं, ही टिकायची नाही म्हणून. लिहून ठेवलंय की मी."

नोंद ऐकून ते खचतील असे आम्हांला वाटले होते. त्यांना तिच्यात विसरलेला म्हातारा दिसला नाही, घाईतही खरे लिहून ठेवणारा कारागीर दिसला. आमचे दोघांचे वाचन चुकले होते आणि ते बरेच झाले.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आम्ही वर्गात शिकवतो. पोथीत अशुद्धे शिरतात ती बहुधा लेखकूच्या दुष्टाव्याने नव्हे. नकलणाऱ्याला एखादा शब्द अनोळखी वाटतो, तो त्या जागी रोजच्या वापरातला, जवळपास तसाच दिसणारा शब्द बसवतो. ओवी चालते, पुढील पिढ्या ती तशीच म्हणतात. जेथे अर्थाला वळावे लागते तेथेच तो शब्द तुटतो. अशुद्ध पाठ ओळखायचा तर ओवी नुसती डोळ्यांपुढे धरून भागत नाही, ती म्हणून पाहावी लागते. हे इतकी वर्षे आम्ही सांगत आलो, पण घरातली तार मऊ तारेच्या जागी जाऊन बसते आणि दहा वर्षे गाडी चालते हे पाहीपर्यंत आम्हांलाच ते पुरते उमगले नव्हते. आणखी एक गोष्ट खटकत राहिली. वर्गात अडखळणाऱ्या मुलांचे आम्हीही प्लग आणि कॉइल बदलत आलो आहोत. जादा तास, टाचणे, समज. तो मुलगा नेमका केव्हा अडखळतो आणि केव्हा अडखळत नाही याची यादी आम्ही किती वेळा केली? उत्तर देण्यास संकोच वाटतो.

नवी तार टपालाने दोन दिवसांत आली. किंमत तीन-चार पौंड. शनिवारी सकाळी ती बसवायची होती. काकांनी एकदा प्रयत्न केला. डाव्या हाताच्या कंपाने चिमुकला नट दोनदा निसटून खाली पडला. तेव्हा त्यांनी पान्हा जावयापुढे धरला आणि म्हणाले, "तुम्ही करा. मी सांगतो." आम्ही केले, त्यांनी सांगितले. पॉइंटची फट त्यांनी स्वतः पाहिली. नंतर फॉस वेवर आधी पुतणी आणि मग जावई त्यांच्या शेजारी बसून आला. तो काटा एकदाही पडला नाही.

संध्याकाळी काकांनी त्या गिऱ्हाइकाला फोन केला. दोष सापडला, चूक माझीच होती, आणि गाडी तूर्त विकायची नाही, असे तिन्ही एका दमात सांगितले. पुढील वर्षी विकावी लागेलही. हाताचा कंप काही तारेने बरा होणारा नाही, आणि ते आमच्याइतकेच काकांनाही माहीत आहे. पण विकतील तेव्हा कारण खरे असेल.

रात्री त्यांनी वही मागवली. नेहमीप्रमाणे नव्या पानावर नोंद होईल असे आम्हांला वाटले. त्यांनी २०१४ चे पान काढायला सांगितले. 'नंतर नीट बदलणे' या शब्दांखाली थोडी जागा होती. हात थरथरतो, ओळ वाकडी जाईल, म्हणून लेखणी आमच्याकडे दिली आणि मजकूर सांगितला. अक्षर आमचे आहे, वाक्य त्यांचे.

२२ जून २०२४. बदलली.